घरच्या सीसीटीव्हीसाठी रेकॉर्डर कसा निवडावा? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मानेवाड्याला माझ्या मावशीकडे चार कॅमेरे होते. टीव्हीवर चारही चौकटी स्वच्छ दिसायच्या. दूधवाला, कचऱ्याची गाडी, फाटकावर बसलेली मांजर, सगळं. एका सकाळी फाटकाच्या आतली स्कूटर गायब. मी मागचं रेकॉर्डिंग उघडलं, तर कॅलेंडरवरची शेवटची निळी खूण चार महिन्यांपूर्वीची. हार्ड डिस्क केव्हाच बसली होती. रेकॉर्डर तेव्हा टीं-टीं ओरडला असणार, पण बसवणाऱ्याने "काकू, हा उगाच आवाज करतो" म्हणत बझर आधीच बंद करून दिला होता.

कॅमेरे बसवण्याचा हा धंदा मी रोज करतो आणि रोज हेच पाहतो. कॅमेरा लोक दहा वेळा निरखून घेतात, त्याचे मेगापिक्सेल विचारतात. रेकॉर्डर मात्र जो पुढे येईल तो घेतात. खरं तर ज्या दिवशी गरज पडते, त्या दिवशी कॅमेरा नाही, रेकॉर्डर उपयोगी येतो. म्हणून फोनवर आणि दुकानात वारंवार येणारे प्रश्न इथे उत्तरांसकट मांडले आहेत.

डीव्हीआर घ्यावा की एनव्हीआर?

डीव्हीआर म्हणजे जाड कोअॅक्सियल केबलवरच्या अॅनालॉग कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, एनव्हीआर म्हणजे नेटवर्कच्या केबलवरच्या कॅमेऱ्यांचा. म्हणून आधी घरातली वायर बघा. जाड गोल कोअॅक्सियल केबल आधीच भिंतीतून फिरलेली असेल (आपल्याकडे तिला थ्री-प्लस-वन म्हणतात, एक चित्राची आणि तीन बारीक विजेच्या) आणि ती चांगल्या अवस्थेत असेल, तर डीव्हीआर घ्या. त्यावर आजचे दोन आणि पाच मेगापिक्सेलचे एचडी अॅनालॉग कॅमेरे उत्तम चालतात. कॅमेऱ्याला वीज वेगळ्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याचा डबा) १२ व्होल्टची जाते.

बेसा, हुडकेश्वर किंवा मनीषनगरकडे नवीन बांधकाम चालू असेल, तर प्लास्टर होण्याआधी पाइपातून कॅट-६ केबल टाकून घ्या आणि एनव्हीआरवर जा. तिथे आयपी कॅमेरा (नेटवर्कवरून चित्र पाठवणारा) लागतो आणि चित्र व वीज दोन्ही एकाच केबलमधून जातात. यालाच पीओई म्हणतात. साध्या पीओईमध्ये स्विचच्या (कॅमेऱ्यांच्या नेटवर्क केबल जिथे जोडतात ती पेटी) एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते, घरच्या कॅमेऱ्याला ती भरपूर झाली. मर्यादा एकच, एका सलग केबलची लांबी १०० मीटरच्या आत हवी. घरात तेवढी कुठे लागते?

वायर कोणतीही घ्या, पण शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. तिच्यावर कॅमेरा दिवसा ठीक चालतो. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागून विजेची मागणी वाढली, की लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि चित्र जातं. "रात्रीच बंद पडतो" अशा तक्रारीत मी आधी केबल सोलून बघतो. आतून पांढरी निघाली की दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

डीव्हीआर जुना आणि एनव्हीआर आधुनिक म्हणून चांगला, असा हिशेब मात्र करू नका. महालातल्या जुन्या घरात, जिथे भिंती दोन-दोन फूट जाड आहेत आणि वायर आधीच गेली आहे, तिथे नीट बसवलेला डीव्हीआर वर्षानुवर्षं काम देतो.

चार कॅमेऱ्यांना एक टीबी पुरेल ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्यावर मी उलटा विचारतो: तुम्हाला मागचे किती दिवस बघता यायला हवेत?

उन्हाळ्यात मुलाकडे पुण्याला वीस दिवस जाणार असाल, तर परत आल्यावर पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग अजून तिथे असायला हवं. डिस्क भरली की रेकॉर्डर सगळ्यांत जुनं पुसून त्यावर नवीन लिहीत जातो. डिस्कमध्ये बाराच दिवस मावत असतील, तर पहिल्या आठवड्यात झालेली चोरी तुम्ही दार उघडायच्या आधीच पुसली गेली असेल.

हिशेब सोपा आहे, कागदावर करून बघा. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठते तो आकडा, लिहिलेला असतो. १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) साधारण २ एमबीपीएस घेतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. असे चार कॅमेरे, तर ८६.४ जीबी. आता भाग द्या: एक टीबी डिस्क साडेअकरा दिवस, दोन टीबी तेवीस दिवस, चार टीबी सेहेचाळीस दिवस. तेच कॅमेरे जुन्या एच.२६४ वर ठेवले, तर तेवढ्याच दर्जासाठी बिटरेट जवळजवळ दुप्पट लागतो आणि दिवस निम्म्यावर येतात. एच.२६४ चं मानक २००३ चं आणि एच.२६५ चं २०१३ चं. आजचे बहुतेक रेकॉर्डर दोन्ही जाणतात, पण कॅमेरा जोडताना सेटिंग अनेकदा जुन्यावरच राहून जातं. ते एकदा स्वतः बघा.

फ्रेमही उगाच पंचविसावर ठेवू नका. घराच्या फाटकासाठी सेकंदाला बारा ते पंधरा फ्रेम पुरतात. वाचलेली जागा चित्राच्या स्पष्टपणाला द्या, चेहरा त्यानेच ओळखू येतो.

माझं मत विचाराल, तर चार कॅमेऱ्यांच्या घराला दोन टीबीपेक्षा कमी घेऊ नका, आणि महिनाभर घर बंद राहत असेल तर चार टीबी. पैसे कमी पडत असतील तर एक कॅमेरा कमी करा, डिस्क नको.

फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायला लावलं तर जागा वाचेल ना?

वाचते, पण भरवसा कमी होतो. जुन्या पद्धतीचं मोशन डिटेक्शन चित्रातले ठिपके बदलले की जागं होतं. त्यामुळे अंगणातला कडुनिंब हलला, पाऊस आला, रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात किडे नाचले, तरी ते रेकॉर्ड करत बसतं. उलट लांबून अंधारात हळू चालणारा माणूस कधी कधी सुटतो. माणूस आणि गाडी ओळखणारे नवे रेकॉर्डर बरेच बरे आहेत. तरी फाटकाचा आणि मुख्य दाराचा कॅमेरा चोवीस तास सलग रेकॉर्डिंगवरच ठेवा. गच्ची, जिना, मागची बोळ हालचालीवर ठेवली तर चालेल. ओळखण्याची सोय खरी उपयोगी पडते ती शोधताना: आठ तासांचं रेकॉर्डिंग चाळण्याऐवजी माणूस दिसला तेवढेच तुकडे समोर येतात.

घरात जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क पडून आहे, ती लावू का?

नका लावू. कॉम्प्युटरची डिस्क दिवसाचे काही तास चालावी अशा बेताने बनवलेली असते. रेकॉर्डरमध्ये ती रात्रंदिवस लिहीत राहते, तेही चार-आठ कॅमेऱ्यांचं एकाच वेळी. या कामासाठी पाळत ठेवण्याच्या खास डिस्क मिळतात. वेस्टर्न डिजिटलची पर्पल आणि सीगेटची स्कायहॉक या त्यांतल्या सीताबर्डीत सहज मिळणाऱ्या. एखादा तुकडा खराब निघाला, तर साधी डिस्क तो परत परत वाचत अडून बसते आणि तेवढ्यात पुढची चित्रं हातची जातात. खास डिस्क थोडी चूक सोडून देऊन लिहिणं चालू ठेवते.

विकत घेताना खोक्यावरचा नंबर डिस्कवरच्या नंबराशी जुळवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तिथल्या तिथे तपासा. नवीन लेबल चिकटवलेल्या वापरलेल्या डिस्क बाजारात फिरतात.

मेमरी कार्डाचा वाय-फाय कॅमेरा घेतला तर रेकॉर्डर हवाच कशाला?

फ्लॅटच्या दारावर एकच कॅमेरा हवा असेल किंवा भाड्याच्या घरात भिंत फोडायची नसेल, तर तो ठीक आहे. १२८ जीबीचं कार्ड २ एमबीपीएसवर सहाएक दिवस पुरतं. कार्ड मात्र "एन्ड्युरन्स" लिहिलेलंच घ्या. मोबाइलमधलं साधं कार्ड सततच्या लिखाणाने लवकर खराब होतं, आणि बहुतेक वेळा गुपचूप होतं. दुसरी अडचण उघड आहे: हात पोहोचेल तिथे लावलेला कॅमेरा चोराने उपटला, की पुरावाही त्याच्याबरोबर गेला.

आणि क्लाउड?

सगळे कॅमेरे क्लाउडवर ठेवायचे तर वरचाच हिशेब इंटरनेटला लावा. चार कॅमेरे, ८ एमबीपीएस, तेही सतत अपलोड, म्हणजे महिन्याला अडीच टीबीच्या वर. शिवाय दर महिन्याची वर्गणी. मला पटलेली पद्धत अशी: मुख्य रेकॉर्डिंग घरात, आणि फाटकाच्या एकाच कॅमेऱ्याच्या घटनांचे छोटे तुकडे क्लाउडवर. रेकॉर्डर चोरीला गेला तरी तेवढे हातात राहतात.

नागपूरच्या उन्हात रेकॉर्डर टिकतो का? ठेवायचा कुठे?

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, हे बाहेरच्या सावलीतलं तापमान. स्लॅबखालच्या माळ्यावर दुपारी हात घालून बघा, भट्टी असते. बहुतेक घरगुती रेकॉर्डरच्या माहितीपत्रकात ५५ अंशांपर्यंतच्या वातावरणात चालेल असं लिहिलेलं असतं. माळ्यावर, बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या रेकॉर्डरभोवतीची हवा नवतपात सहज त्याच्या जवळ जाते आणि आत डिस्क त्याहून गरम असते. उन्हाळ्यात माझ्याकडे मेलेल्या डिस्क जास्त येतात, आणि त्यातल्या बऱ्याच माळ्यावरून उतरवलेल्या असतात.

मग लोक रेकॉर्डर हॉलमध्ये कूलरसमोर आणून ठेवतात. तेही चुकीचं. कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते. एका घरी मी रेकॉर्डर पालथा केला, तर मागच्या, केबल जोडायच्या बीएनसीच्या खोबणींवर पांढरट क्षार जमला होता आणि एक खोबण हिरवी पडली होती. त्याच कॅमेऱ्याचं चित्र दर दोन दिवसांनी जात होतं. बिचारे तीन महिने कॅमेरा बदलत होते.

योग्य जागा म्हणजे घराच्या आतल्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, चारही बाजूंनी चार बोटं मोकळी, ऊन लागत नाही आणि कूलरचा झोत येत नाही अशी. वर कापड घालू नका. धूळ बसेल या काळजीने विणलेला रुमाल घातलेले रेकॉर्डर मी कित्येक घरी पाहिले आहेत, त्याने हवा कोंडते. बऱ्याच रेकॉर्डरच्या मेन्यूत हार्ड डिस्कच्या तब्येतीचं एक पान असतं, तिथे तिचं तापमान दिसतं. मे महिन्यात एकदा भर दुपारी ते बघा. पन्नाशीच्या वर गेलं असेल तर जागा बदला.

वीज गेली की रेकॉर्डिंग बंद पडतं. इन्व्हर्टरवर टाकू का?

नक्की टाका. एक डिस्कचा रेकॉर्डर आणि चार कॅमेरे मिळून जुन्या ट्यूबलाइटएवढीच वीज खातात. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलाच्या त्या क्षणात रेकॉर्डर बंद होऊन परत चालू होतो आणि दोन-तीन मिनिटं आंधळी जातात. लिहिता लिहिता वीज तुटणं डिस्कलाही मानवत नाही. कॅमेऱ्यांचा एसएमपीएस किंवा पीओई स्विच आणि वाय-फायचा राउटरही त्याच लाइनवर हवा. नुसता रेकॉर्डर इन्व्हर्टरवर आणि कॅमेरे महावितरणच्या लाइनवर, अशी जोडणी मी बऱ्याच घरांत सुधारली आहे.

मृगाच्या पहिल्या वादळी पावसात वीज कडाडते, तेव्हा गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या तारेतून झटका थेट रेकॉर्डरपर्यंत येतो. एका कॅमेऱ्यापायी अख्खा रेकॉर्डर जळालेला मी पाहिला आहे. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि गच्चीवरून येणाऱ्या तारांना सर्ज प्रोटेक्टर लावा. आयपी कॅमेऱ्यांसाठी वेगळा पीओई स्विच ठेवण्याचा हा एक फायदा: झटका आला तर बहुधा आधी स्विच जातो, रेकॉर्डर आणि डिस्क वाचण्याची आशा राहते.

चोराने रेकॉर्डरच उचलून नेला तर?

टीव्हीखाली ठेवलेला रेकॉर्डर चोराला पहिल्याच नजरेत दिसतो. भिंतीला ठोकलेल्या, जाळीदार, कुलपाच्या पेटीत ठेवा आणि ती पेटी समोरच्या खोलीत नको. दुमजली घर असेल तर वरच्या मजल्यावर.

वरच्या मजल्याचं आणखी एक कारण आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट इथल्या तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा जमिनीलगत जे होतं ते सगळं बुडालं. नागनदीच्या किंवा नाल्याच्या काठी राहत असाल, तर रेकॉर्डर आणि स्विच जमिनीपासून पाच फुटांच्या खाली लावू देऊ नका.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकाच एनव्हीआरवर चालतात का?

दोन्हींवर ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणूनचं) मानक असेल तर चित्र येतं. एच.२६५ साठी त्यातलं "प्रोफाइल टी" बघा. पण माणूस ओळखणं, बोलणं, सूचना या खास सोयी अनेकदा मिळत नाहीत. चार कॅमेरे असले तरी आठ चॅनलचा रेकॉर्डर घ्या. वर्षभरात पाचवा कॅमेरा लागतोच.

कॅमेऱ्यांबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची ठरावीक चाचणी आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची केली आहे. खोक्यावरचा नोंदणी क्रमांक बघून घ्या. "बिलाशिवाय स्वस्तात देतो भाऊ" म्हणणाऱ्याकडे बहुधा जुना माल असतो.

मोबाइलवर बघण्यात धोका आहे का?

पासवर्ड तसाच ठेवला तर आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड वापरून. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. घराघरांत नुसत्या पडून असलेल्या पेट्यांनी हे केलं.

पासवर्ड तुम्ही स्वतः टाका आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून थेट आत येण्याची वाट) उघडू देऊ नका, कंपनीच्या अॅपवरून काम भागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रेकॉर्डर अॅपमध्ये सर्वांत आधी तुमच्याच फोनवरून जोडा. पुष्कळ कंपन्यांत तो पहिल्या खात्याला बांधला जातो. बसवणाऱ्याने घाईत स्वतःच्या फोनवर जोडून तुम्हाला नुसता "शेअर" दिला, तर तुमच्या घराचा मालकी हक्क त्याच्या खिशात राहतो. माझ्यासारख्या बसवणाऱ्यावरही एवढा विश्वास टाकायची गरज नाही.

घटना घडली. पोलिसांना रेकॉर्डिंग कसं द्यायचं?

सगळ्यांत आधी रेकॉर्डरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ शेजारी धरून एक फोटो काढा. दोन्हींत सात मिनिटांचा फरक असेल तर तो पंचनाम्यात लिहून घ्या, पुढे तोच कळीचा ठरतो. मग घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचा भाग पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात काढा. टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेलं चित्रण व्हॉट्सअॅपवर फिरवायला ठीक आहे, पुरावा म्हणून ते फार कच्चं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, ती बदलली की बदलणारा आकडा) लिहायचं असतं. आधीच्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं. ते प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट केलं, आणि ते प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं, जालन्याचं. पोलिसांनी रेकॉर्डर नेला तर पंचनाम्याची प्रत घ्या, त्यावर रेकॉर्डरचा आणि डिस्कचा नंबर आहे ना ते बघा.

प्रत काढता येत नसेल तर रेकॉर्डर नीट बंद करून ठेवा. चालू राहिला तर जुनं पुसत जाईल. आणि घाबरून "इनिशियलाइझ" हे बटण दाबू नका, त्याने डिस्क कोरी होते.

शेजारी म्हणतात कॅमेरा त्यांच्या घरात बघतो.

त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रेकॉर्डरच्या मेन्यूत "प्रायव्हसी मास्क" असतं. त्यांच्या खिडकीवर काळा चौकोन ओढा आणि त्यांना बोलावून पडद्यावर दाखवा. अर्ध्या तासात भांडण मिटतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे.

बसवून झालं. पैसे देण्याआधी काय बघू?

बसवणाऱ्याला थांबवून ठेवा आणि कालचं नाही तर निदान तासाभरापूर्वीचं रेकॉर्डिंग प्रत्येक कॅमेऱ्याचं स्वतः उघडून बघा. मग एक तुकडा पेन ड्राइव्हवर काढून घरच्या लॅपटॉपवर चालवा. मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. रेकॉर्डरची तारीख मागे २००० सालात गेली, तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे, तो बदलून घ्या. बझर चालू आहे ना, आणि डिस्क बिघडल्याची सूचना मोबाइलवर येते ना, हेही विचारा.

मावशीच्या रेकॉर्डरमध्ये मी नवीन डिस्क टाकली, बझर चालू केला आणि दर महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्यातला एखादा दिवस उघडून बघायला शिकवलं. आता ती मला फोन करते, "अरे, चौदा तारखेचं दिसून राहिलं बरं का."